दिसले नाही, म्हणजे नाही असे नव्हे

रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाला सूर्य मावळला, की उदगीर, परभणी, बीडपासून मालेगाव-मिरजेपर्यंत घरांच्या गच्च्या माणसांनी भरून जातात. सगळ्यांचे डोळे पश्चिमेकडे. कोर दिसली, तर उद्या ईद. आभाळ आले, कोर दिसली नाही आणि कुठूनही खात्रीची साक्ष आली नाही, तर तिसावा रोजा पुरा करायचा. नियम एवढाच आहे आणि त्यात अंदाजाला जागा नाही. ढगामागे चंद्र असेल किंवा नसेल. दिसला नाही म्हणून तो नाहीच असे कुणी म्हणत नाही, आणि असणारच म्हणून कुणी ईदही करत नाही. ठरलेली मुदत थांबायचे, आणि थांबताना घरातली कामे चालू ठेवायची. शिरखुर्म्याचा सुकामेवा त्या रात्री भिजत घातलेला असतोच.

चंद्राच्या बाबतीत हे शहाणपण गल्लीतल्या लहान पोरालाही असते. पण असेच ‘नीट दिसले नाही’ सोनोग्राफीच्या कागदावर, पोटातल्या बाळाबद्दल लिहून आले, की भल्याभल्या घरांचा धीर सुटतो. मग चार जण चार अंदाज बांधतात, आणि त्या अंदाजांचे ओझे एकटी गरोदर बाई वाहते.

अहवालातली शेवटची ओळ

लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली ही गोष्ट. नाव सांगावे अशी घरच्यांची इच्छा नाही, आणि त्याची गरजही नाही. ती उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. नवरा वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात हिशेब पाहतो. लग्नाला चार वर्षे झालेली, पहिलेच बाळंतपण. विसावा आठवडा लागला आणि डॉक्टरांनी बाळाचे सगळे अवयव पाहणारी मोठी सोनोग्राफी करायला सांगितली. तो चौथा रोजा होता.

एरवी पंधरा-वीस मिनिटांत संपणारी तपासणी लांबली. तिला कुशीवर वळायला सांगितले, मग थोडे चालून यायला सांगितले, मग पुन्हा टेबलावर घेतले. पडदा डॉक्टरांकडे वळलेला. ते काही बोलत नव्हते. शेवटी हातात अहवाल आला. बाकी सारे ठीक होते. फक्त खाली लिहिले होते की बाळाच्या डाव्या मूत्रपिंडाचा मधला भाग किंचित फुगलेला दिसतो. बाळाच्या स्थितीमुळे हृदयाचे चारही कप्पे नीट पाहता आलेले नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी हृदयाची वेगळी तपासणी, म्हणजे फीटल इको, करून घ्यावी.

घरी आल्यावर सासूने दारातच विचारले, “ठीक है बोले क्या, नहीं बोले क्या?”

“कुछ बोले नहीं अम्मी. फिर बुलाए.”

या दोन वाक्यांत सगळे आले. ‘ठीक आहे’ म्हटले असते, तर आनंद करता आला असता. ‘ठीक नाही’ म्हटले असते, तर रडता आले असते. ‘पुन्हा या’ याचे काय करायचे, हे कुणालाच माहीत नव्हते.

यंत्र पाहत नाही, ऐकते

सोनोग्राफीला लोक ‘पोटातला फोटो’ म्हणतात. खरे तर तो फोटो नाही. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडायच्या आणि आतून परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून चित्र उभे करायचे, असे हे तंत्र आहे. ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी सहकारी डॉ. जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह १९५८ मध्ये यावरचा पहिला मोठा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांची सुरुवात कारखान्यातल्या यंत्रावर झाली होती. धातूच्या आत कुठे भेग आहे का, हे आवाजाने शोधणारे ते यंत्र होते.

लोखंड मात्र हलत नाही. बाळ हलते. विसाव्या आठवड्यात त्याचे वजन साधारण तीनशे ग्रॅम असते. हृदय मोठ्या द्राक्षाएवढे, आणि ते मिनिटाला ११० ते १६० वेळा धडधडत असते. त्या द्राक्षाच्या आतले कप्पे आणि झडपा पाहायच्या असतात. बाळाने पाठ वर केली, हात छातीवर आणला, आईच्या पोटावर चरबी जास्त असली, आधीच्या सिझेरियनचा व्रण मध्ये आला किंवा गर्भजल कमी असले, तर प्रतिध्वनी नीट परत येत नाही. अशा वेळी प्रामाणिक डॉक्टर ‘नीट दिसले नाही’ असेच लिहितात. ते वाक्य बाळाविषयी नसते. त्या दिवशीच्या पाहण्याविषयी असते.

डॉक्टरांच्या मौनाचाही आपल्याकडे उलटा अर्थ लागतो. प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक असतो. त्यामागे मोठा इतिहास आहे. मुलींचे गर्भ पाडण्याविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. मुलगा की मुलगी हे शब्दाने किंवा खुणेनेही सांगायला डॉक्टरांना बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. बाळाच्या तब्येतीविषयी बोलायला मात्र कायद्याने कुठेही मनाई केलेली नाही. तपासणी चालू असताना डॉक्टर गप्प असतात, कारण मोजमाप चाललेले असते. ते संपल्यावर विचारायचा हक्क आईला आहे. गर्भजल काढण्यासारखी तपासणी करायची असेल, तर तिचे धोके समजावून सांगून, आईला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यायची आणि त्याची प्रत तिला द्यायची, असे याच कायद्यात म्हटले आहे. समजणारी भाषा मराठी असेल, उर्दू असेल किंवा तेलुगू. ती मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

खूण वेगळी, दोष वेगळा

हृदय नीट दिसले नाही, ही एक गोष्ट झाली. मूत्रपिंड फुगलेले दिसले, ही दुसरी. डॉक्टरांच्या भाषेत अशा दिसण्याला ‘सॉफ्ट मार्कर’ म्हणतात. मराठीत ‘हलकी खूण’ म्हणता येईल. बाळाच्या हृदयात एखादा चमकता ठिपका दिसतो, मेंदूत पाण्याची बारीक गाठ दिसते, मूत्रपिंड काही मिलिमीटर फुगलेले दिसते. यांतली कोणतीही खूण स्वतः आजार नाही. निरोगी बाळांतही त्या दिसतात. हृदयातला ठिपका शंभर गर्भांपैकी तीन ते पाचांत दिसतो, आणि आशियाई स्त्रियांच्या गर्भात तो थोडा जास्तच आढळतो. मेंदूतली गाठ शंभरात एक-दोघांत दिसते, आणि बहुतेक वेळा सातव्या महिन्यापर्यंत आपोआप विरून जाते. मूत्रपिंडाची किंचित सूजही बहुधा प्रसूतीपूर्वी किंवा नंतर आपसूक उतरते.

मग डॉक्टर ती लिहितात कशाला? कारण काही थोड्या बाळांत हीच खूण गुणसूत्रांच्या दोषाबरोबर येते. एकच खूण असेल आणि बाकी सारे ठीक असेल, तर धोका किरकोळ वाढतो किंवा वाढतही नाही. दोन-तीन खुणा एकत्र आल्या, तर पुढची तपासणी गरजेची ठरते. म्हणून अहवालातला एकच शब्द उचलून त्यावर घर डोक्यावर घेऊ नये. आणि खूण किरकोळ असते असे ऐकले म्हणून पुढची तारीख चुकवूही नये.

आईच्या रक्ताच्या चाचणीत ‘हाय रिस्क’ असे शब्द येतात, तेव्हाही असाच गोंधळ होतो. अनेक प्रयोगशाळा २५० मध्ये एक किंवा त्याहून जास्त शक्यता असली, की हे शब्द लिहितात. २५० मध्ये एक याचा अर्थ असाही आहे, की अशा २५० आयांपैकी २४९ जणींच्या बाळांत तो दोष नसतो. चाचण्या दोन प्रकारच्या असतात. एक चाळणी लावते, दुसरी निदान करते. डबल मार्कर, क्वाड्रुपल आणि आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासणारी नवी महागडी चाचणी या सगळ्या चाळण्या आहेत. गुणसूत्रांच्या दोषाचे निदान करायचे, तर पंधराव्या आठवड्यानंतर सुईने थोडे गर्भजल काढून तपासावे लागते. त्यात गर्भपाताचा धोका असतो, पण अनुभवी हातांत तो दोनशेत एकापेक्षा कमी मानला जातो. प्राथमिक उत्तर काही दिवसांत मिळते. गुणसूत्रांच्या पूर्ण अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे पुन्हा वाट पाहणे आलेच.

चौदा दिवस

त्या शिक्षिकेचे चौदा दिवस कसे गेले, हे ऐकण्यासारखे आहे. पहिल्या रात्री घरातले तरावीहच्या नमाजला गेले आणि तिने मोबाइल हातात घेतला. सहरीला सगळे उठले तेव्हा तो हातातच होता. मूत्रपिंडापासून सुरू झालेला शोध पहाटेपर्यंत तिने कधी नावही न ऐकलेल्या पाच आजारांवर पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी तिने ठरवले, की आपण रोजा ठेवायचा. आत्तापर्यंत ठेवला नव्हता. रोजादाराची दुआ कबूल होते म्हणतात, मग बाळासाठी एवढे तरी करावे, असे तिच्या मनाने घेतले.

सासूने तिला अडवले. बाळाच्या किंवा स्वतःच्या जिवाला त्रास होण्याची भीती असेल, तर गरोदर आणि दूध पाजणाऱ्या आईला रोजा न ठेवण्याची सवलत इस्लामी शरियतने दिलेली आहे. चुकलेले रोजे पुढे सवडीने भरून काढायचे असतात. त्यालाच कजा म्हणतात. सवलत ही अल्लाहची देणगी आहे आणि ती नाकारण्यात जास्त पुण्य नाही, असे आलिम मंडळी वारंवार सांगतात. सासू तेच आपल्या भाषेत म्हणाली, “अल्लाह पे छोड, पर दवाखाना और खाना मत छोड.”

पण रोजांच्या घरात दिवसा खाणेही सोपे नसते. सगळे उपाशी असताना स्वयंपाकघरात एकटीने, भांड्याचा आवाज होऊ न देता घास गिळायचा. त्यात मन थाऱ्यावर नाही. ती दुपारचे जेवण टाळू लागली. ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती भिंतीपलीकडच्या काकूंच्या. त्यांनी अहवालाचे काही विचारले नाही. फक्त म्हणाल्या, “उद्यापासून दुपारी माझ्याकडं जेवायला यायचं. मला तरी एकटीला कुठं घास उतरतो?” त्या दिवसापासून शाळा सुटली, की ज्वारीची भाकरी, वरण, मेथीची भाजी आणि काकूंच्या नातवाच्या खोड्या. अर्धा तास बाळाचा विषय निघत नसे. तिला त्या अर्ध्या तासाची सर्वांत जास्त गरज होती.

नवरा पहिले काही दिवस नुसता गप्प होता. तिला वाटले, याला काही वाटतच नाही. त्याला वाटत होते, आपण बोललो तर ती रडेल. पुरुषांचे असे मौन अनेक घरांत असते, आणि त्याचा अर्थ नेहमी चुकीचाच लावला जातो. आठव्या दिवशी इफ्तारनंतर त्याने दुकानातली एक कोरी वही आणली आणि म्हणाला, “चल, डॉक्टरांना काय काय विचारायचं ते लिहून काढू.” ते दोघे त्या विषयावर पहिल्यांदा बोलले, ते त्या वहीच्या निमित्ताने.

ग्रहण आणि दोष

या काळात घरी येणारी माणसे नाना प्रश्न विचारतात. पपई खाल्ली होती का? ग्रहणात बाहेर पडली होती का? कुणाची नजर लागली का? तिन्हीसांजेला कुठे गेली होती का? हे प्रश्न एका धर्माचे नाहीत. मोहल्ला असो की वाडा, शब्द बदलतात, बोट मात्र आईकडेच वळते. गुणसूत्रांचे बरेचसे दोष पेशी तयार होताना, निव्वळ योगायोगाने घडतात. आईचे वय वाढते तशी त्यांची शक्यता वाढते, हे खरे. पण ग्रहणात चाकू धरल्याने बाळाचा ओठ फाटत नाही, आणि कुणाच्या नजरेने मूत्रपिंड फुगत नाही.

ग्रहणावरून पैगंबर हजरत मुहम्मद यांच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवतो. त्यांचा इब्राहीम नावाचा मुलगा तान्हेपणीच वारला. इ.स. ६३२ च्या सुमाराची ही घटना. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, की पैगंबरांच्या मुलाच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. दुःखात बुडालेल्या बापाला ही समजूत गोड वाटू शकली असती. पण पैगंबरांनी लोकांना स्पष्ट सांगितले, की सूर्य-चंद्राला कुणाच्या जन्मामुळे किंवा मृत्यूमुळे ग्रहण लागत नाही. स्वतःच्या बाळाच्या मृत्यूच्या दिवशीही त्यांनी आकाशातल्या घटनेचा संबंध बाळाशी जोडू दिला नाही. आणि त्या बाळासाठी ते रडले, हेही हदीसमध्ये नोंदलेले आहे. म्हणजे रडणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही. रडणाऱ्या आईला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सुनावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सब्र म्हणजे बसून राहणे नव्हे

रमजानला सब्रचा महिना म्हणतात. सब्रचे भाषांतर आपण ‘सहन करणे’ असे करतो आणि तिथेच थांबतो. हाजराबीबींची कथा मात्र वेगळे सांगते. ओसाड वाळवंटात तान्ह्या इस्माईलला तहान लागली, तेव्हा ही आई नुसती हात जोडून बसली नाही. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांच्या मध्ये ती पाण्यासाठी सात वेळा धावली. आजही हज आणि उमरा करणारा प्रत्येक माणूस, मग तो राजा असो की मजूर, त्या आईच्या धावपळीची आठवण म्हणून तेच अंतर सात वेळा चालतो. दुआ आणि धावपळ या दोन्ही गोष्टी तिने एकाच वेळी केल्या.

सोनोग्राफीनंतरच्या प्रतीक्षेत ही धावपळ म्हणजे तारखांचा हिशेब. तो महत्त्वाचा आहे, कारण या प्रतीक्षेला कायद्याचे घड्याळ लागलेले आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत कायद्याने ठरवलेल्या कारणांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. बाळात गंभीर व्यंग असल्याचे निदान झाले, तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने परवानगी मिळू शकते. पूर्वी हे दार विसाव्या आठवड्यालाच बंद होत असे. २००८ मध्ये मुंबईतल्या एका दांपत्याला बाळाच्या हृदयाचा दोष ती मुदत उलटल्यावर कळला. ते उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने परवानगी नाकारली. त्या खटल्यावर देशभर चर्चा झाली.

मुस्लिम कुटुंबांपुढे धर्माचा प्रश्नही असतो. मक्केच्या मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह अकादमीने १९९० मध्ये असा निर्णय दिला, की बाळात उपचार नसलेले गंभीर व्यंग आहे असे विश्वासू डॉक्टरांच्या समितीने ठरवले, तर गर्भधारणेपासून १२० दिवसांच्या आत आई-वडिलांना गर्भपाताची मुभा आहे. त्यानंतर फक्त आईच्या जिवाला धोका असेल तर. यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. पण एक हिशेब सगळ्यांनी लक्षात ठेवावा. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे गर्भधारणेच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून. त्यामुळे १२० दिवस डॉक्टरांच्या मोजणीत एकोणिसाव्या आठवड्याच्या सुमाराला भरतात. मौलानांचा सल्ला घ्यायचा असेल, तर अहवाल हातात घेऊन आणि आठवडे नीट सांगूनच घ्यावा. आणि अठराव्या आठवड्याची सोनोग्राफी ‘सण झाल्यावर बघू’ म्हणून बाविसाव्यावर ढकलू नये, मग तो सण ईद असो की गुढीपाडवा.

त्या नवरा-बायकोच्या वहीत शेवटी पाच प्रश्न उरले. कोणत्याही घराला ते उपयोगी पडतील. एक, बाळात काही वेगळे दिसले आहे, की फक्त नीट दिसलेले नाही? दोन, धोका आहे म्हणता तर तो किती? शंभरात किती, हजारात किती? तीन, पुढची तपासणी चाळणीची आहे की निदानाची? चार, ती कोणत्या तारखेला, कुठे, किती आठवडे भरलेले असताना, आणि अहवाल कधी मिळेल? पाच, तोवर कोणते त्रास झाले तर लगेच दवाखाना गाठायचा? यांची उत्तरे मिळाली, की भीती संपत नाही, पण तिला काठ येतात. मग मोबाइलवर पहाटेपर्यंत शोधायची गरज उरत नाही.

खिसा रिकामा असेल, तर सरकारी दाराकडेही पाहावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. हे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून चालू आहे. झोप उडाली, छाती धडधडू लागली, सारखे वाईट विचार येऊ लागले, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. मनाची काळजी हा चोचला नाही. ती गरोदरपणाच्या तपासणीचाच एक भाग आहे.

ढग नेहमीच विरत नाहीत

अठराव्या रोजाला दोघे लातूरला गेले. त्या दिवशी बाळ नीट वळलेले होते. हृदयाचे चारही कप्पे, झडपा, बाहेर निघणाऱ्या रक्तवाहिन्या, सगळे दिसले आणि ठीक निघाले. मूत्रपिंडाची सूज मात्र होती तेवढीच आहे. आठव्या महिन्यात पुन्हा पाहायची, आणि बाळ जन्मल्यावर आणखी एकदा. म्हणजे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. पण आता त्या घराला वाट पाहता येते.

प्रत्येकीचा अठरावा रोजा असा जातो, असे म्हणणे खोटे ठरेल. शंभर बाळांपैकी दोन-तीन बाळे काही ना काही जन्मजात दोष घेऊन येतात. त्यांतल्या काहींचे पहिले चिन्ह अशाच एका अस्पष्ट ओळीत असते. मात्र आधी कळण्याचा उपयोग केवळ गर्भ ठेवायचा की नाही, एवढ्यापुरता नसतो. हृदयाचा दोष कळला, तर जिथे नवजात बाळाच्या हृदयावर उपचार होतात अशा ठिकाणी प्रसूती ठरवता येते. वाकडा पाय जन्मानंतर काही आठवडे प्लास्टर लावून सरळ करता येतो. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने सांधता येतो. अशा मुलांना शोधून उपचार देणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही महाराष्ट्रातल्या पालघरपासून. डाऊन सिंड्रोमची मुले शाळेत जातात, घरात लळा लावतात. काही दोष मात्र असे असतात, की त्यांच्यापुढे डॉक्टरही हात टेकतात. तिथे कोणता निर्णय घ्यायचा, हा त्या आई-बापांचा प्रश्न. गल्लीने त्यावर पंचायत भरवू नये.

गल्लीला करण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याच्या वाट्या एका दारातून दुसऱ्या दारात फिरतील. त्यांतल्या एखाद्या दारामागे अशी वाट पाहणारी बाई असेल. तिला ‘रिपोर्ट काय आला?’ असे विचारू नये. सांगावेसे वाटेल तेव्हा ती सांगेल. तिच्या पोटाकडे पाहून मुलगा की मुलगी याचे ठोकताळेही बांधू नयेत. पुढच्या तपासणीच्या दिवशी शाळेतला तिचा तास कुणी घेईल का, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ कुणी बसेल का, लातूरच्या गाडीला सकाळी स्टँडवर कोण सोडेल, एवढे विचारावे. आणि दुपारचे एक ताट जास्त वाढून ठेवावे.